लांबी

लिलावात माझ्याशिवाय कुणी बोलीच लावली नाही.
डावा डोळा फुटलेला, बॉनेटची घडी,
मडगार्ड चाकात रुतलेला, जिभेत रुतावा तसा दात.
अख्खा समुद्र ओलांडून पोतीच्या बंदरात उतरली
तेव्हा काचेवर पिवळ्या खडूचा आकडा होता फक्त.
कुठं धडकली, कुणाला,
त्याचा कागद आला नाही सोबत.

रुस्तवीत गॅरेजांच्या रांगेत सतरावं दार आमचं.
आत वाइनचे बुधले.
त्सियाला म्हणाली, भंगारासाठी हे हलवायचे? कुठं?
आणि मग स्वतःच हलवले, एकेक, कडेवर घेऊन.

बावीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवली मी.
लोखंड उचलणं ठाऊक होतं.
त्याची समजूत घालणं नव्हतं.

अंझोरनं शिकवलं:
सुतळी घे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मग उलटी.
नऊ मिलिमीटरचं खोटं निघालं.
साखळी बांधली विजेच्या जुन्या खांबाला,
एक दात ओढायचा, चहा प्यायचा,
पुन्हा एक दात.
हवं त्याहून जरा जास्तच ओढ, तो म्हणाला,
सोडलंस की आपल्या हट्टाइतकं मागं येतं ते.

वहीत हिशेब:
रेडिएटर, जुना, ऐंशी लारी.
दिवा, चाळीस. (उजवा दिला लबाडानं. परत. पुन्हा बसचं भाडं.)
बॉनेट हिरवं मिळालं, गाडी चंदेरी.
रंगाला सातशे बाजूला.
सातशेला हात लावायचा नाही, असं दोनदा अधोरेखित.

पोचे ठोकले आतून, रबरी हातोडीनं,
वर लांबी भरली,
ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस, मग तीनशेवीस.
डोळ्यांना कळत नाही उंचवटा,
तळहाताला कळतो. डोळे मिटून फिरवायचा हात,
आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

एक लांबी मात्र भरून येण्यातली नव्हती.

ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धक्क्यासरशी गोठलेला,
ना बाहेर येत, ना आत जात.
छातीवरून तिरका, पोटावरून आडवा,
कुणाच्या तरी मापावर थांबलेला.
मी बसून पाहिलं. बक्कल लागेना.
त्सियालाला ढगळ झाला, ती हसली.
मग मारेखी आली कामावरून, पिशवी खांद्यालाच,
सहज बसली,
खट् केलं.
बोटभरसुद्धा फट नाही.

हसणं थांबलं आमचं.
ती विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

संध्याकाळी अंझोरनं तळहात उघडला.
गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी, दोन तारांचं.
फुटलेल्या एअरबॅगच्या जागी हे जोड,
डॅशबोर्डावरचा लाल दिवा विझेल.
तीन लारी. सगळे हेच करतात.
आणि खरी एअरबॅग?
पट्ट्यासकट सहाशे ऐंशी, तेही ओळखीत.

मी दाणा परत त्याच्या मुठीत ठेवला.
तो रागावला नाही. म्हणाला, मग हिरवंच राहील बॉनेट.
राहू दे.

अधोरेखित ओळ खोडताना पेन्सिल मोडली.

आता रोज सकाळी ती तिबिलिसीला जाते,
पुढून हिरवी, मागून चंदेरी,
डावं मडगार्ड प्रायमरच्या राखाडीत तसंच.
चौकातली पोरं तिला काकडी म्हणतात.
वळणावर उजवीकडे ओढते अजून, जराशी.
वहीत मांडून ठेवलंय: टाय रॉड, पुढच्या महिन्यात.

पट्टा फेकवला नाही.
त्सियालानं त्याच्यानं बुधले बांधलेत भिंतीशी,
रात्री मालगाडी गेली की
एकमेकांवर आपटायचे ते.