दिवा पोचवायचा राहिला

डंडीत साडेतीनलाच अंधार.
त्र्याऐंशी जीबी उतरताहेत, सावकाश.
नवा खंड उघडायला नऊ दिवस,
पण अर्धंमुर्धं उतरलं तरी आत सोडतात.

घोरपड तिथंच उभी, खाणावळीच्या जिन्याशी,
सहा वर्षांपूर्वी ‘आलोच’ म्हणून सोडली तशी.
(भारी नावं तेव्हा सगळी कुणी ना कुणी घेतलेली.)
तलवार बोथट. झोळीत अकरा मासे,
अजून ताजे.

बोटं विसरलीत.
ढाल उचलायला जावं
तर घोरपड भर बाजारात नाचायला लागते.

जुन्या टोळीतली एकटी मोरॅग जागी.
‘jevlas ka?’
हे तिला मीच शिकवलं असणार कधीतरी.

झोळीच्या तळाशी दिवा:
मिठागरावरच्या विधवेला पोचवणे.
कोण विधवा?
मिठागर गेलं, मोरॅग सांगते,
नव्या गोष्टीसाठी समुद्र आत घेतलाय.
दिवा विकता येत नाही. टाकताही येत नाही.
मासे वीक, ती म्हणते, भाव चढलेत.

स्वयंपाकघरात वॉशिंग मशीन थांबलं. कपडे तसेच ओले.
आम्ही दोघं बांधापर्यंत चालत गेलो.
पुढचं पाणी
अजून उतरत होतं.