तीन सेकंद, वर काही

नासीरभाई टायरचा माल टाकायला आले
आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाले,
तिकडे शर्यतीत चारही चाकं बदलतात
तीन सेकंदांत, वर काही.
मी म्हटलं, अन् नट?
म्हणाले, एकच असतो. मधोमध.

त्या रात्री झोप लागली नाही.
एकच नट.
माझ्याकडे एका चाकाला दहा,
त्यातले तीन गंजलेले, एकाचे आटे गेलेले,
आणि वर ड्रायव्हर डोक्याशी उभा,
"काऊन गा, अजून किती टाईम?"

वणी-वरोरा रोडवरचा आमचा फाटा.
कोळशाचे ट्रक रात्रंदिवस.
कडुनिंबाचं पान पुसलं तर बोट काळं होतं.
इथे बावीस वर्षं मी चाकं बघतो आहे
थांबलेली.

यंदा दिल्लीपलीकडे ती शर्यत भरते आहे, पहिल्यांदाच.
शुक्रवारी भाऊबीज, रविवारी शर्यत.
म्हणजे सकाळीच ओवाळून घ्यायचं,
ताटात शंभर टाकायचे
आणि पाटावरून उठून नागपूरची एस.टी. धरायची.
तिथून रात्रीची गाडी, मिळालं तर स्लीपर,
नाही तर अंकुश मडावी म्हणतो तसं, "उभ्यानं जाऊ ना मालक."
त्याचं वय एकोणीस आहे, तो उभ्यानं कुठेही जाईल.

नेट कॅफेतला पोरगा विचारतो, जागा कुठली?
सरळ रस्त्यावर की वळणावर?
अंकुश म्हणतो, सरळवर नुसतं सूं होईल,
वळणावर ब्रेक मारताना दिसतील तरी.
मी म्हणतो, चाकं बदलतात तिथली सांग.
त्याने सांगितली.
तेवढ्यात माझी जुनी कंप्रेसर नवी झाली असती.
स्वस्तातली अडीच हजार, लांब, उतारावर.
तिथून दिसेल?
पोरगा नकाशा मोठा करतो, लहान करतो,
"दुर्बीण न्या काका."

बाबा शंकरपटात घड्याळ धरायचे.
जोडी रेघेवरून सुटली की अंगठा,
झेंडी पडली की अंगठा.
टिचकीएवढ्या फरकावरून गावं भांडायची
आणि बाबांचा अंगठा खिशात जाऊन बसायचा, गप्प.
ते घड्याळ अजून चालतं,
व्हॉल्व्हच्या डब्यात ठेवलं आहे.
परवा अंकुशच्या हातात दिलं आणि जॅक लावला.
अकरा मिनिटं चाळीस.
पुढच्या ट्रकला दहा पन्नास.
तिसऱ्याला पाना सटकला, अंगठा सोलला, मोजलं नाही.
तो ड्रायव्हर घाबरून म्हणाला,
"सावकाश करा भाऊ, मले घाई नाही."

कान बसतात म्हणे तिथे, एवढा आवाज.
वच्छलाने भावाच्या वावरातल्या पहिल्या वेच्यातला कापूस घेतला,
सरकी काढली, चार बोळे वळले,
काडेपेटीत भरून वर दोरा बांधला.
बांधता बांधता म्हणाली,
"तीन सेकंद पाहाले तीन दिवस?"
मी पाना पुसत राहिलो.

तिला कसं सांगू,
मला गाडी बघायची नाहीच.
पहिली कोण आली ते नासीरभाई सांगतीलच.
मला तो बघायचा आहे
जो जुनं चाक ओढून काढतो
आणि छातीशी धरून उभा राहतो.
गाडी तर गेली. पुढे?
तो तिच्या मागे बघतो
की हातातल्या चाकाकडे?
पुढची येईपर्यंत बसायला त्याला काय असतं,
आमच्यासारखं टायरच,
की खुर्ची?
अंकुशच्या मोबाईलमधली क्लिप नेमकी तिथेच संपते.

शटरवर खडूने लिहून ठेवलं आहे आतापासून,
दव पडतं म्हणून रोज सकाळी पुन्हा गिरवतो:
शुक्र शनि रवि सोम दुकान बंद.
हवा वच्छलाबाई भरून देतील.
पंक्चर असल्यास
थांबावे.