एक दात मागे

पिवळा दिवा लागला म्हणून त्सियाला आली,
भट्टीवरून तशीच, मनगटापर्यंत पीठ.
रुस्तावीत सकाळी सातला उणे चार.
गाडी दारात उभी राहून खोकत होती.

स्कॅनर जोडला. दोन कोड.
शून्य तीनशे: ठोका चुकतोय, कुठला ते सांगता येत नाही.
शून्य शून्य सोळा: क्रँकचं आणि कॅमचं जमत नाही.
यंत्र एवढंच बोलतं,
चौकीत तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारासारखं.
पुढचं आपण बघायचं.

तिच्याकडे पावत्या होत्या, रबर लावून जपलेल्या.
चार प्लग. चार कॉइल. एक सेन्सर,
मग तोच सेन्सर पुन्हा, दुसऱ्या दुकानातला.
"सगळं नवं आहे," ती म्हणाली.
नवं होतंच.

मी व्हॅक्यूमचा काटा लावला.
अठराच्या जागी अकरा,
आणि अकरावरच, न थरथरता.
थरथरणारा काटा एखाद्या व्हॉल्व्हचं दुखणं सांगतो.
न हलणारा सांगतो, सगळं घरच उशिरा उठतंय.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत कमी, सारखंच कमी.
म्हणजे फुटलंतुटलं काही नाही.
दारं उघडतात, मिटतात, फक्त वेळ टळून गेल्यावर.
ठिणगी बिचारी वेळेवर येऊन
अर्ध्या भरलेल्या खोलीत पेटते.

झाकण निघायला दुपार झाली.
साखळी नवी कोरी.
कॅमच्या चाकावर पांढरा ठिपका, नेलपॉलिशचा,
असायला हवा तिथून एक दात मागे.
कडेला सिलिकॉन, लागतं त्याच्या दुप्पट,
आणि त्यात उमटलेला एक अंगठा,
रेषान् रेषा मोजता येईल असा.

"हे कुणी बसवलं?"
"गेलानं."
गेला तिचा मुलगा.
मार्चमध्ये पोलंडला गेला.
आदल्या रात्री अंगणात बल्ब टांगून
साखळी बदलली त्यानं,
आई, आता दहा वर्षं बघायला नको म्हणाला.
बल्ब तीच धरून उभी होती.

ताण देणाऱ्या तुकड्याची पिन आधी सुटली
की साखळी कधी उडी मारते, कळतही नाही.
मी शिकाऊ असताना दोन इंजिनं अशीच बांधली,
आणि मला तर दुसऱ्या दिवशी कुठे जायचंही नव्हतं.

"साखळी ताणली गेली होती," मी सांगितलं.
"हल्लीचा माल. पोराचं काही चुकलं नाही."
तिनं हत्यारांच्या पेटीवर पाव ठेवला,
कागदात गुंडाळलेला, अजून ऊबदार.

जुनं सिलिकॉन खरवडावंच लागतं,
नाहीतर तेल गळतं.
सगळी कड साफ केली.
अंगठ्यापाशी पातं थांबलं जरा,
बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून असेल.
मग तोही निघाला.

ठिपका ठिपक्यासमोर. हातानं पूर्ण दोन फेरे,
पुन्हा ठिपका ठिपक्यासमोर.
कोड पुसले. चावी फिरवली.
काटा अठरावर.
तिनं मोबाईल बॉनेटपाशी धरला,
तिकडे त्या वेळी कारखान्यात जेवणाची सुट्टी असते म्हणाली.

मग पावती मागितली.
वाचली, चष्मा लावून, वरपासून खालपर्यंत.
"साखळी लिहिलेली नाही," ती म्हणाली.
"नुसती मजुरी आहे. आणि सिलिकॉन."

मी हात पुसत राहिलो.
तिनं पावती घडी करून
बाकीच्यांवर ठेवली,
रबर दोनदा फिरवलं.