आठ मायक्रॉन

मे महिना. कूलर बंद ठेवलाय, तो टेबल हलवतो.
अमरावती रोडवरचे ट्रकही हलवतात,
त्यांना कोण बंद करणार.
टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूब,
अर्धी हवा भरून. अनुदान येईस्तोवर हेच.

काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये थेंबभर पाणी,
किंचित साबण, नाहीतर सगळं काचेला चिकटतं.
पाण्यात एक आस, तळाला रोवलेला.
आणि एक चाक: नऊ दाते, आठ मायक्रॉन.

पाणी कुणाला स्वस्थ बसू देत नाही,
या उकाड्यात तर नाहीच.
चाकाला चहूबाजूंनी धक्के,
दिवाळीत बर्डीवर हात सुटलेलं लेकरू जसं.

मी नॉब फिरवते. धरतो तो प्रकाशच.
माझ्या डोळ्याला न दिसणारा, कॅमेऱ्याला दिसणारा
एक ठिपका चाकाच्या पोटाशी जातो
आणि चाक मुकाट त्याच्या मागे येतं.

टायफॉइडपासून माझा हात कापतो.
कामठीच्या पाहुण्यांनी बशीत सांडलेला चहा पाहिला,
मला नाही.
सुईत दोरा अजून मावशीच ओवून देते.
पण इथे कंप मधल्यामध्ये गाळला जातो,
थेंबापर्यंत पोचतं ते फक्त माझ्या मनातलं,
सेकंदाला दोन मायक्रॉन.

दोन चाळीसला रस्ता गप्प झाला.
चाक आसावर आणलं. तिरकं बसलं.
काढलं. पुन्हा तिरकं.
चौथ्यांदा बसलं,
आणि दुसरा किरण दात्याला टेकवला
तर फिरलं.

चौकीदार ढकाते बाटली भरायला आले होते.
"काय फिरून राहिलं बाप्पा हे?"
चाक.
"कायचं?"
कशाचंच नाही अजून.
"हात नाही लावला तुमी?"
नाही.
"हव," म्हणाले, आणि बाटली
टेबलावर ठेवायला गेले,
मग स्वतःच थबकून
खाली फरशीवर ठेवली, हलक्या हाताने.

सव्वातीनला वीज गेली.
यूपीएस तीन मिनिटं टिकतं.
ती तिन्ही मिनिटं आम्ही दोघांनी पाहिली,
मग पडदा काळा.
तिथे खाली चाक आसावरून उठलं असेल,
निघालं असेल कुठेतरी.

अंधारात खिसा चाचपडल्याचा आवाज.
ढकात्यांनी टॉर्च लावला,
थेंबावर नेमका धरला,
आणि माझ्याहून स्थिर हाताने
धरून उभे राहिले.
"हं," म्हणाले, "पकडा आता."