आज रात्रीपर्यंत ताजे

दूध संघ बुडाला त्याला एकतीस वर्षं झाली.
खोलीत अजून आंबूस वास आहे,
थंडीत कमी, माणसं जमली की जास्त.
आज जमली तेवीस. त्यातली दोघं फुकट.
दाराशी मी.
तिकीट नाही, मनगटावर शिक्का,
तोही डेअरीचाच, तारखेचा, गोदामात सापडलेला.
म्हणजे आम्ही सगळे
आज रात्रीपर्यंत ताजे.

बाहेर उणे एकोणीस.
बूट भिंतीशी रांगेत, प्रत्येकाखाली एक तळं.

ऐलाच्या मांडीवर कांतेले:
एक फळी, तारा, आणि फळीला पडलेली भेग
जिला ती मुद्दाम बुजवत नाही.
तोर्स्ती जमिनीवर,
पुढ्यात पेडलं, वायरी,
आणि रबरबँडनं झाकण धरलेला टेपरेकॉर्डर.

पहिला सूर येतो तो धारोष्ण.
तोर्स्ती त्याला पायानं पकडतो, फिरवतो,
फिरवलेल्यावर दुसरा सोडतो.
रवी आत उतरल्यासारखं सगळं घुमायला लागतं
एकाच जागी,
आणि कितीतरी वेळ काही होत नाही.
घुसळणाऱ्याला माहीत असतं हे.
काही होत नाही, काही होत नाही,
मग एकदम हाताला जड लागतं.

जड लागलं तेव्हा
भिंतीवरच्या पांढऱ्या फरशा श्वास घ्यायला लागल्या.
मी काही घेतलं नव्हतं. दोन कप कॉफी.
छताला कॅन टांगायचा आकडा आहे,
त्याला अख्खा तलाव टांगलेला दिसला,
उलटा, माशांसकट, एक थेंब न सांडणारा.
शेजारचा पोरगा म्हणाला, दिसतोय ना?
मी म्हणालो, काय?
तो म्हणाला, काही नाही.

मग टेपमधली बाई.
कुठल्याशा संग्रहातली, नाव न नोंदवलेली,
रानातल्या गायींना घरी बोलावणारी.
ऐलानं तिच्या हाकेवर आपली हाक ठेवली,
दोन हाकांच्या मध्ये साय धरत होती
तेवढ्यात मागे हिल्क्कानं कॉफीचं मशीन लावलं
आणि फ्यूज उडाला.

अंधार.
टेपमधली बाई खाली खाली ओढली जात
पुरुष झाली, मग म्हैस, मग गप्प.
पेडलं गेली.
ऐलाची हाक तेवढी राहिली, उघडी,
ताक ओतून दिल्यावर
तळहातावर राहणाऱ्या लोण्याएवढी.
किती वेळ, सांगता येत नाही,
घड्याळही त्याच वायरवर होतं.

दिवे आले. कुणालाच आवडलं नाही.
तोर्स्तीनं पेडल दाबून पाहिलं:
त्याला काहीच आठवत नव्हतं.

सगळे बूट शोधत होते तेव्हा ओइवा पुढे आला,
वय ब्याऐंशी, पूर्वी इथे कॅन धुवायचा.
चांगलं झालं, तो ऐलाला म्हणाला,
पण हाक शेवटी वर नेलीस तू.
आमच्यात खाली आणायची.
वर नेली की गायीला वाटतं तूच येतेयस,
मग ती तिथेच उभी राहते.

ऐला कोट न घालताच बाहेर गेली,
पार्किंगच्या कडेला, जिथून झाडी सुरू होते,
आणि हाक खाली आणून पाहिली.
एकदा चुकली. दुसऱ्यांदा हसू आलं.
तिसऱ्यांदा आली.

झाडीतून काही आलं नाही.
ओइवानं मात्र फाटक उघडून धरलं होतं,
सवयीनं, एका बाजूला सरकून,
आत येणाऱ्यांना जागा देत.
त्याच्यामागे गाड्या खोळंबल्या.
हॉर्न कुणी वाजवला नाही.
एकानं तर इंजिन बंद केलं.