परिहार

रविवारी उद्यमबागेतल्या भट्ट्या थंड असतात.
बंद शटरांपुढं कुत्री आडवी पसरलेली.
तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं शट्टुप्पाची पंक्चरची टपरी,
तिच्या मागं पत्र्याची खोली.
तिथं आम्ही जमतो,
साडेदहा म्हणून साडेअकराला.

रजिस्टर माझ्याकडं.
डाव्या हातानं लिहितो. अक्षर अजून दुसरीतल्या पोराचं,
ओळ सोडून खाली घसरतं.

क्रमांक एक, मोनाप्पा चलवेटकर, मोल्डर.
साच्यात ओल राहिली होती, लोखंड उसळलं.
डावा पाय, घोट्याखाली.
क्रमांक चार, इस्माईल सनदी. ग्राइंडरचं चाक फुटलं. डोळा.
क्रमांक नऊ, वडगावची रेणव्वा.
मागावरून धोटा सुटला, कानशिलात बसला.
तिला हाक मारायची तर समोर जावं लागतं.
क्रमांक सतरा मी.
प्रेसला गार्ड असला की तासाला चारशे नग,
काढला की साडेपाचशे.
हिशोब त्यांचा,
वजाबाकी माझ्या हातात.

लेबर ऑफिसात एक तक्ता असतो.
तर्जनी अख्खी, चौदा टक्के.
मधलं बोट बारा. करंगळी सात.
मी वाचून दाखवत होतो, सगळे गप्प,
तेवढ्यात अंगठा गेलेला बसलिंग म्हणाला,
"आणि तंबाखू मळायची किती धरलीय बघ की गा."
इस्माईल एवढा हसला
की चांगल्या डोळ्यातनं पाणी आलं.

अर्ज कन्नडात.
पाट्यांना काळं फासलेलं आम्ही पाहिलंय,
काचा फुटलेल्या एसट्या पाहिल्यात.
मी इकडचा, बसलिंग तिकडचा,
म्हणजे एकाच गल्लीत, नळाच्या दोन बाजूंना.
तो मोठ्यानं वाचतो, मी समासात मराठी लिहितो.
वरच्याच ओळीत शब्द होता, परिहार.
मी म्हटलं, आमच्यात परिहार म्हणजे दूर सारणं.
तो म्हणाला, आमच्यात भरपाई.
मालकाला कन्नड आमच्यापेक्षा चांगलं येतं,
पण या एका शब्दापुरता
तो मराठी.

त्याचा माणूस घरोघर फिरला.
पाच हजार रोख, कोऱ्या कागदावर सही.
"डुलकी लागली होती तुला, सगळ्यांनी बघितलंय."
क्रमांक अकरानं घेतले.
मोनाप्पा म्हणाला, खोड त्याचं नाव.
मी पेन उचललं, डाव्या हातात ते जड लागतं,
आणि ठेवलं.
अकरा अजून येतो. दाराशी बसतो,
काही बोलत नाही,
चहाचे पैसे मात्र कुणाला देऊ देत नाही.

सोमवारी तारीख होती मोनाप्पाची एकट्याची.
इस्माईलच्या मेव्हण्याच्या टेम्पोतनं आम्ही तेवीस जण गेलो.
जिना चढायला पाऊण तास लागला,
कुबड्या, काठ्या, मधेच दम.
साहेब रजेवर.
कारकुनानं चष्म्यावरनं बघितलं.
एका केसला एवढी माणसं कशाला?
रेणव्वा सगळ्यांत मागं उभी होती.
म्हणाली, "केस एकच हाय की."
तिला ऐकू आलं होतं,
का ती आपलंच काही बोलत होती,
कुणी विचारलं नाही.
कारकुनानं पुढची तारीख लिहिली
आणि, का कोण जाणे, बाक पुढं सरकवला.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती.
टपरीपुढं टायरांच्या ढिगावर एक पोरगा बसलेला,
मिसरूड फुटायचंय अजून,
हात छातीशी धरलेला, पट्टी ओली.
"नावं इथंच लिहून घेतात काय ओ?"

शट्टुप्पानं चहा सांगितला.
मी रजिस्टर गुडघ्यावर उघडलं,
अठ्ठावीस आकडा घातला, म्हटलं, सांग.

त्यानं आधी कंपनीचं नाव सांगितलं.
मी पेन टेकवून थांबलो.