सेवाखंड

बांबोळीच्या पठारावर आमच्या टाक्या.
दोनशे चौदा झेब्रा मासे,
दिवस चौदा तासांचा, रात्र दहाची,
बाहेर सूर्य काहीही म्हणो.

डाव्या कोपऱ्यात सौम्य धक्का.
लगेच औषध.
मेंदूत नवं प्रथिन घडूच द्यायचं नाही,
मग भीती उद्यापर्यंत टिकत नाही.
तिसरं वर्ष, मी हेच मोजते आहे:
काय कायम होतं, आणि कशाने.

माझा पोस्टडॉकचा करार अकरा महिन्यांचा.
मग एक दिवस खंड,
मग पुन्हा पहिल्यापासून अकरा.
त्या दिवशी कार्डाने दार उघडत नाही.
हेही औषध रामबाण.

आज तो दिवस.
शिरदोणच्या काठावर बसले आहे.
ओहोटी. चिखलात तिसऱ्या वेचणाऱ्या बायका.
माशांना खाणं घालायला कायतान आहे,
ज्याचा बाप जुवारीत जाळं टाकायचा,
आणि सुई न टोचणारी मी डॉक्टर कशी
हे ज्याला अजून पटलेलं नाही.

दुपारी त्याचा फोन:
"बाय, सात नंबरांत एक आसा,
दाव्या कोनशाक वचना म्हणटा.
वखद दिल्लें न्ही?"

औषध दिलं होतं.
वहीत नोंदही केली असती,
पण आजच्या तारखेला
मी कुठेच नाही.